उलट्या पट्टीचा शर्ट

कुरखेड्याच्या स्टँडवर माझी शिलाई मशीन बसच्या टपावर चढवली, तवा माझा लहाना भाऊ देवाजी खालून दोरी ओढून पाहत होता. माय बाजूले उभी. ती रडली नाई. एवढंच म्हणाली, "मशीन ने, पण हातातलं त्याले देऊन जाय." ते मी दिलंच होतं. बाह्या, कॉलर, बटनपट्टी, माझे सारे कागदी कटिंग देवाजीच्या हवाली केले होते. मनात म्हटलं, या नांगरवाल्याच्यानं काय शिवणं होते.

गावच्या मंडळींनो, हे वाचून तुम्ही हसाल. हसा. अन् जे माझ्यावानी बल्लारपूर, नागपूर, पुण्याले निघून गेले, त्यांनी जरा दमानं वाचा.

शिवणं मले कोणी शिकवलं नाई. शाळा चौथीत सुटली. बजारातून एक जुना शर्ट आणला, उसवला, जमिनीवर पसरला अन् त्याच्यावरून कागद कापले. पसरताना तो पालथा पडला होता. म्हणून माझ्या शर्टाचे काज बायांच्या कपड्यावानी उजव्या अंगाले अन् बटन डाव्या. गावात कोणी काही म्हटलं नाई, बोटांले तीच सवय झाली. पुढं कोणी बजारातून तयार शर्ट आणला का बटन लावताना अडखळे, अन् माझ्याकडे येऊन म्हणे, "भाऊ, हे सरळ करून द्या." मी उलटं करून देत होतो.

मी गेल्यावर देवाजीनं सेकंडहँड मशीन घेतली अन् माझ्याच कागदांवरून साऱ्या गावाचे शर्ट शिवत राह्यला. त्याची पोरगी वैशाली त्या मशीनजवळ वाढली, पुण्याले डिझायनिंग शिकली, आता मुंबईत नव्या फॅशनचे कपडे बनवते. तिच्या नव्या शोमध्ये सारे शर्ट उलट्या पट्टीचे होते. बाप्यांचेही, बायांचेही.

इंग्रजी पेपरात आलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, बाप्याच्या अंगावर बाईची पट्टी चढवून हिनं मर्दपणाले आव्हान दिलं. दुसऱ्यानं लिहिलं, हा जंगलातल्या माणसाचा सत्तेले नकार होय. वैशाली स्वतः एवढंच बोलली होती का हा माझ्या बाबांचा शर्ट आहे. अन् खाली देवाजीचा फोटो. पाव पान.

माझ्या पोटात दुखलं. लपवत नाई. उमरभर पायडल मारलं मी, अन् पेपरात तो. बाईंले पुन्हा वाचायले लावलं, कुठी कोपऱ्यात माझं नाव असेल म्हणून. नव्हतं. बाई म्हणाल्या, "भाऊ, कपड्यात एवढं राजकारण असते का हो?" मी म्हटलं, माझ्या कैचीत तवा कोणतंच राजकारण नव्हतं. पण निघालंच असेल, तर माझ्या कागदातून निघालं, देवाजीच्या नाई.

मंग वैशालीले फोन लावला.

"काऊन वं पोरी, ते कटिंग कोणाचं होय?"

"तुमचं, मोठेबाबा."

"मंग बाबाचा शर्ट कसा झाला?"

ती आधी हसली. मंग सांगू लागली. खाणीसाठी गावामागचा डोंगर खोदायले गावची परवानगी पाहिजे म्हणून ग्रामसभा भरली होती, हे मले ठाऊक होतं. निरोप आला होता. लग्नसराईचं काम होतं, मी गेलो नाई. त्या दिवशी खाणवाल्यांनी गाड्या भरून बाहेरचे माणसं आणून मंडपात बसवले होते, हात वर करायले. गावानं हरकत घेतली तर सभा घ्यायले आलेल्या सरकारी साहेबानं विचारलं, हे गावचे नाईत याले पुरावा काय? देवाजी उठला. म्हणाला, साहेब, शर्ट पाहा. अन् रांगेतून चालत गेला. उलटी पट्टी दिसली का पुढं जाय. सुलटी दिसली का थांबे अन् म्हणे, "ऊठ भाऊ. तू इथचा नाईस." साहेब पहिले हसला. मंग अर्धा मंडप खाली झाला तसा हसायचा थांबला. डोंगर अजून जागेवर आहे.

"कटिंग तुमचंच, मोठेबाबा," वैशाली म्हणाली. "पण त्या दिवशी शर्टात बाबा होते."

मी म्हटलं, तरी माझं नाव टाक. ती म्हणाली, टाकते. टाकेल. पोरगी खोटं बोलत नाई. पण फोन ठेवल्यावर मले त्या नावाचं काही सुख वाटलं नाई.

अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. बल्लारपूरले मिलच्या गेटपाशी दुकान टाकलं, तवा पहिलंच गिऱ्हाईक माझी पट्टी पाहून फिदीफिदी हसलं होतं. त्याच हप्त्यात मी सुलटी शिवू लागलो. गिऱ्हाईकाचे शर्ट, अन् माझेही. तवापासून उलटा शर्ट माझ्या अंगाले लागला नाई.

त्या सभेले मी गेलो असतो, तर रांगेत बसलो असतो. देवाजी एकेकाले पाहत माझ्यापाशी आला असता. मोठा भाऊ म्हणून पुढं गेला असता का मलेही ऊठ म्हटलं असतं, हे मी त्याले विचारलं नाई. विचारणारही नाई. त्याचा तो फोटो अजूनही मले पाहवत नाई. पण डोळे मिटले का गावातलं घर दिसत नाई, वावर दिसत नाई, मायही दिसत नाई. दिसतो तो मंडप, अन् माझ्यापुढं येऊन थांबलेला देवाजी, माझ्या छातीवरच्या पट्टीकडे पाहून राह्यलेला.