आमच्या घरात कानडी बंद होती

गेल्या मंगळवारी अक्षूला घेऊन आम्ही सीमेवरच्या भालकीहून लातूरला गेलो होतो, मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांकडे. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते कुठेतरी उतरवायला हवं, म्हणून लिहितेय. आणि मुद्दाम मराठीत लिहितेय... कारण ज्यांनी हे वाचायला हवं ते मराठी वाचतात.

अक्षू माझी मुलगी, आता पाचवं सरत आलंय. ती बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही, मिक्सर लावला की कान झाकून कोपऱ्यात जाते. तहान लागली की माझा हात उचलून पाण्याच्या बाटलीवर नेऊन ठेवते... चेहऱ्याकडे न बघता.

माझं माहेर आळंदचं, घरात कानडी. मराठी येत होतीच, आमच्या बाजारात अर्धे सौदे मराठीतच होतात. पण सौद्याची भाषा वेगळी आणि लेकरू मांडीवर घेतल्यावर आपोआप तोंडात येते ती वेगळी. सासरी घरात सगळी मराठी, आणि गल्लीत दखनी उर्दू.

तीन वर्षांची झाली तरी अक्षू बोलेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून कारण शोधून काढलं. शाळेच्या बाई, नणंद, समोरचा दुकानदार... एका लेकराच्या कानावर तीन-तीन भाषा पडल्यावर ते बोलणार कसं? सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी मग निकालच दिला. "तू कानडी बोलू नको बाई तिच्यासंगं. लेकराचं डोकं गोंधळून जायलंय."

मी ऐकलं. लेकरू बोलणार असेल तर कोणती आई ऐकणार नाही? ये, बस, खा, नको, चल... एवढ्यातच माझं तिच्याशी बोलणं उरकायला लागलं. गोष्टी गेल्या, गाणी गेली, उगाचची बडबड गेली. माझी आई फोनवर अक्षूशी दोन शब्द बोलायची, तेही बंद झालं. अक्षू तरीही बोलली नाही, तेव्हा आत्या म्हणाल्या, मी चोरून कानडी बोलत असणार.

तर लातूर. डॉक्टरबाईंनी अक्षूला बराच वेळ नुसतं पाहिलं, आम्हाला बरंच काही विचारलं. मग माझ्यापुढे ठोकळे ठेवून म्हणाल्या, घरी खेळता तसं खेळा. मी खेळले. हे घे. इथे ठेव. छान... पुढे काही सुचेना.

"घरी एवढंच बोलता?" त्यांनी विचारलं. माझ्या आधी नवऱ्यानेच उत्तर दिलं, गुटखा सोडल्याचं सांगावं तशा अभिमानाने. "हो मॅडम, घरात कानडी पूर्ण बंद केलीय आम्ही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अक्षूला ऑटिझम आहे, म्हणाल्या. मेंदूची घडणच वेगळी होते, ती पोटात असल्यापासून. त्याला बरीच कारणं मिळून असतात, काही रक्तातून येतात, आणि पुष्कळदा नेमकं कोणतं ते सांगता येत नाही. भाषांमुळे हे होत नाही. अशी मुलंसुद्धा दोन भाषा शिकू शकतात... आई तिच्या जिवाच्या भाषेत भरपूर बोलली, तर मदतच होते.

नवऱ्याने विचारलं, बरी होईल ना? हा ताप नाही उतरायला, त्या म्हणाल्या. स्पीच थेरपी सुरू करा, चित्रं दाखवून बोला, पुढे काय होणार ते तिला आधी सांगा, गोंगाटातून बाजूला न्या. बोलेल किती ते आज सांगता येणार नाही. लवकर आला असता तर बरं झालं असतं, हेही त्या अगदी हळू म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता बोला की तुमच्या भाषेत. मी तोंड उघडलं... आणि काहीच आलं नाही. आईशी, भावाशी बोलायची कानडी होती सगळी. लेकराशी बोलायची कुठे गेली कळेना. रडू नाही आलं. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

परतताना उदगीरला एसटी बदलायची होती. स्टँडवर अक्षूने माझा हात उचलून बाटलीवर ठेवला. "नीर बेकेन?" माझ्या तोंडून निघून गेलं, पाणी हवं का? तिने वर पाहिलं नाही. पाणी पिऊन पंख्याकडे बघत बसली.

घरी आल्यावर नवऱ्याने आत्यांना सगळं सांगितलं. त्यातलं रक्ताचं तेवढं त्यांनी बरोब्बर उचललं. "मंग हिच्या माह्यारात असंल कुणीतरी तसं. आपल्यात तर न्हाई बाई कुणी." नवरा चप्पल काढत राहिला.

मी अक्षूला घेऊन ओट्यापाशी बसले आणि कानडीत सुरू केलं. भात, वरण, खिडकीतली चिमणी, जे दिसेल ते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आत्या दारात येऊन म्हणाल्या, "पुन्हा तेच करायलीस? कामून?" मी थांबले नाही. अक्षूने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, हेही लिहिते. उगाच गोड शेवट करायचा नाहीये मला.

त्या डॉक्टरबाईंची मी ऋणी आहे. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर कारण शोधायला गल्लीत जाऊ नका, लवकर दाखवा... आणि कुणाच्या आईची भाषा काढून घेऊ नका. अक्षू कधी बोलेल का, मला माहीत नाही. पण तिची आई मुकी नव्हती, एवढं तरी तिला कळायला हवं.