तिसरी शेळी गाभडली तेव्हा

तिसरी शेळी गाभडली त्या सकाळीही मेलेलं करडू आणि वार वहिनीनेच उचलली, नुसत्या हातांनी. आमच्याकडे हे काम बाईचं. भाऊ फक्त "ओढ्यात फेक" एवढं सांगतो. वहिनीला सातवा महिना होता. पंधरा दिवस झाले, संध्याकाळी ताप भरायचा आणि पहाटे अंथरूण भिजवून उतरायचा. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड समजून गोळ्या दिल्या होत्या. शेळ्यांसाठी भावाने गोठ्याला लिंबू-मिरची बांधली होती. दोन्हींचा गुण सारखाच.

त्याच दिवशी आम्हा मास्तर लोकांना खुर्च्या भरायला तालुक्याला बोलावलं होतं. 'माणूस, जनावर, पर्यावरण : एकच आरोग्य' असा फलक होता. आमच्या गावचे माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर मंचावर होते, मधली खुर्ची पाहुण्यांसाठी रिकामी. गावात दोघांच्या दवाखान्यांत एकच भिंत आहे, पण ती चांगली जाड असावी. पाहुणे दोन तास उशिरा आले, शाल पांघरून एकोप्यावर बोलले आणि पुढच्या सत्काराला गेले. मग जनावरांच्या डॉक्टरांना दोन मिनिटं मिळाली. तोवर चहा आलेला, त्यामुळे ऐकत कुणीच नव्हतं.

"शेळ्या लागोपाठ गाभडत असतील तर घरात कुणाला ताप आहे का बघा," ते म्हणाले. "वारेला उघडा हात लावू नका. पोटुशी बाईने तर नाहीच."

मी कप खाली ठेवला आणि दोघांनाही गाठलं.

"तीन शेळ्या? मला कुणी सांगितलं नाही," जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

"घरात शेळ्या आहेत हे मला तरी कुठे माहीत होतं?" दुसरे म्हणाले.

"विचारलं होतंत?"

माणसांचे डॉक्टर माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "बाळ हलतंय का?"

मला ठाऊक नव्हतं. दीर वहिनीला असलं विचारत नाही.

घरी पोचलो तर भाऊ भडकला. "शेळीचा रोग बाईला? कोन म्हनलं बे? लई शिकलास!"

मी जमिनीकडे बघत वहिनीलाच विचारलं. ती पदराचं टोक पिळत राहिली.

"काल सांजेपासून न्हाई, भावजी. म्हनलं, झोपलं असंल."

भाऊ शेजाऱ्याची जीप मागायला धावला.

बीडला डॉक्टरीणबाई वहिनीच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या. नुसती खरखर. पुन्हा जागा बदलली, पुन्हा खरखर. भावाने दाराची चौकट धरली होती. मग एकदम टपटप टपटप सुरू झालं. भाऊ तिथेच खाली बसला.

रक्ताच्या तपासणीत शेळ्यांचाच रोग निघाला. सहा आठवड्यांच्या गोळ्या लागल्या.

चौथी शेळी गाभडली तेव्हा भावाने हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, रानाच्या कडेला खोल खड्डा खणला, वर चुना टाकला.

"वढा हाय की बे! कावून खनतो?" शेजारी हसला.

"खाली बी मान्सं पानी पित्यात," भाऊ म्हणाला.

बाळंतपणाला अजून महिना आहे. मी शाळेला निघालो की वहिनी दारातून, न विचारता, सांगते, "हलतंय, भावजी."