साडूंचे अभ्यासदौरे

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये माझ्या थोरल्या साडूंइतका विद्वान निधिसंकलक शोधून सापडायचा नाही. फक्त देणगी मागणं तेवढं त्यांना जमत नाही. भाईंदर पूर्वेला विशेष मुलांची एक छोटी शाळा आहे. तिच्यासाठी निधी जमवायचं काम त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने अंगावर घेतलं आणि शेजारच्या शहरांच्या मागे हात धुऊन लागले. देणगीदाराला शाल कशी पांघरावी हे ते ठाण्याच्या एका संस्थेत शिकून आले, वसईहून आभारपत्राचा नमुना आणला, बोरिवलीहून तर जाडजूड फाईलच. एवढी तयारी करून केबिन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात शिरायचे, शेठजींच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत चौकशी करायचे आणि एक डबा विकत घेऊन बाहेर पडायचे. "अहो, मागितलंत का?" म्हटलं की उत्तर तयार : "आधी नातं जोडायचं असतं. ठाण्यात असंच करतात." ठाण्यात नंतर मागतातही, हे बहुधा त्यांच्या वहीत उतरवायचं राहून गेलं होतं.

इकडे लांबच्या चेणे गावाहून मुलांना आणणारी शाळेची गाडी पैशांअभावी बंद पडायची वेळ आली. ड्रायव्हरने सांगून टाकलं, "काका, या महिन्यानंतर नाय जमणार." आणि नेमक्या त्याच आठवड्यात वसईच्या एका वृद्धाश्रमासाठी निधी जमवणाऱ्या बाई आमच्या साडूंकडून शिकायला आल्या! साडू त्यांना भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. करमणूक म्हणून मीही गेलो. तर साडू आत शिरताच म्हणतात, "शेठ, इनके आश्रम को कुछ दीजिए. पंखे नहीं हैं वहाँ, बूढ़े लोग परेशान हैं." मी बघतच राहिलो. शेठजी गल्ला उघडतायत तोच बाई म्हणाल्या, "और काका के स्कूल की गाडी बंद हो रही है, उसका भी देखो ना." शेठजी साडूंवरच उखडले. "काका, दो साल से डिब्बे ले रहे हो, कभी बोला क्यों नहीं?"

तेव्हापासून साडू वसईसाठी मागतात, बाई भाईंदरसाठी. गाडी चेण्यापर्यंत जातेय.

मेहुणी गेल्यापासून साडू एकटेच राहतात. गेल्या आठवड्यात त्या बाईंचा मला फोन आला. "भाऊ, काका चार दिवस तापाने पडलेत. आवाजावरून मला कळलं. त्यांना दवाखान्यात न्याल का? ते स्वतः तुम्हाला सांगणार नाहीत."

बाई खाडीपलीकडे वसईत राहतात. मी पाच मिनिटांवर. चपला घालताना मला माझीच लाज वाटली.