करदोडा वीतभर कमी पडला

माझा देवावरचा विश्वास तसा कामापुरता. फौजेतून निवृत्त होऊन जतकडच्या गावी आलो, तरी बिरोबाच्या जत्रेला जायचो ते बायकोच्या आग्रहानं. आमचा बाळू तीस वर्षांचा, पण समज चार वर्षांच्या लेकराची, बोलणं दोन-चार शब्दांचं. चिडला की भिंतीवर डोकं आपटायचा. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि घर शांत झालं. पोरगं अंगानंही भरलं. "देव पावला," बायको म्हणायची. मीही मान डोलवायचो. पण तो सारखा माठाशी जायचा, घटाघटा पाणी प्यायचा, ते मनात खटकत होतं.

जत्रेत दरवर्षी त्याच्या कमरेला नवा करदोडा बांधतो. त्या वर्षी जुना आदल्या दिवशीच तुटला. तोच माप म्हणून दोरे-कुंकू विकणाऱ्या अत्तारांच्या म्हातारीला दिला. तिनं तेवढाच काळा दोरा तोडला. बाळूला तो वीतभर कमी पडला. बायको कौतुकानं हसली, म्हातारी हसली नाही.

"आवं भाऊ, वर्सात एवढं? पानी लय पितोय का? आमच्या ह्यांचं असंच हुतं, साखर निगाली. रगात तपासून घ्या."

मी कुणाजवळ बोललो नव्हतो, तेच ती विचारत होती.

"त्या गोळीनंच फुगलाय. आजपास्नं गोळी बंद. नुसता भंडारा लावायचा," बायको म्हणाली.

"भंडारा लाव. गोळी डाक्टरला इचारल्याबिगर सुटणार न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. दवाखान्यातले लोक पुढच्या महिन्यात या, म्हणाले. रक्त घेतल्याशिवाय मी बाकावरून उठलो नाही. साखर वाढलेलीच निघाली. या गोळीनं वजन आणि साखर वाढू शकते, तपासण्या सुरुवातीपासून व्हायला हव्या होत्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी गोळी हळूहळू बदलली. त्या दिवसांत बाळूनं पुन्हा डोकं आपटलं. त्याला छातीशी आवळून मी म्हणालो, "बिरोबा, आता तूच बघ." तसं मनापासून आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो.

आता वजन, कंबर, रक्त वेळच्या वेळी तपासून घेतो. कुणी विसरलं तर भांडतो. देवावर भार टाकला म्हणून आपले हात मोकळे होत नाहीत, एवढं मला कळलं. त्या म्हातारीचं नाव ठाऊक नाही, पण देवापुढं हात जोडताना ती आठवतेच.

पुढच्या जत्रेत तिनं गेल्या साली वाढवून बांधलेल्या मापानं दोरा बांधला, तर चार बोटं उरला. तिनं तो तुकडा तोडून बाळूला दिला. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"आबा, धर."

मी धरला.