पायावरचा खोपा

लातुरात आमच्या गच्चीवर नात कुंडीतली ओली माती पायावर थापत बसली होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, क्लासवर शिकवायला निघता निघता म्हणाला, "हे तिला कुणी शिकवलं?" त्याला आठवत नाही. भूकंप झाला तेव्हा तो अडीच वर्षांचा होता.

गाव पडल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. दुपारी पत्रा तापायचा आणि पोर रडायचं. खेळणी ढिगाऱ्यात गेलेली. एकदा मी दारातच माती कालवली, त्याच्या पायावर चढवली, थापली आणि म्हणाले, "आता हळू काढ." पाय निघाला, खोपा उभा राहिला. तो हसला नाही, नुसता बघत राहिला.

शेजारी माझी थोरली जाऊ बसली होती. तिची लेक घराखाली गेली तेव्हापासून ती बोलली नव्हती. पोरानं उरलेली माती तिच्या पायावर थापायला घेतली. तिनं थापू दिली.

"मोठीमाय, काढ."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "पडंल."

जाऊ बोलली, एवढंच तेव्हा मला कळलं. मी चहा टाकायला उठले. परत आले तरी ती तशीच होती. माती वाळून तडकली, तरी तिनं पाय हलवला नाही.

"आजी, आता तुझा," नात म्हणाली. मी पाय पुढं केला. तिनं खोपा थापला आणि म्हणाली, "काढ."

खाली मुलाची गाडी सुरू झाली. मी तशीच बसून राहिले.