काच ठणठणीत होती

अमरावतीत बसस्टँडसमोर एक मोबाइल दुरुस्तीवाला बसायचा. स्क्रू ड्रायव्हर कायम कानावर. कुठलाही फोन हातात आला की आधी शर्टाच्या बाहीला पुसायचा, मग एक डोळा मिटून तिरपा धरून पाहायचा.

मी पन्नाशीचा मास्तर. मोबाइलवर बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळतो, हे घरीसुद्धा लपवलेलं. पण आठवडाभर सारखा हरत होतो. नेम धरला तरी समोरचा मरेना. फोनची काचच बिघडली, असं ठरवून मी त्याच्याकडे गेलो.

त्यानं माझ्या फोनवर एक डाव खेळून पाहिला आणि हसला.

"काच ठणठणीत हाय, सर. तुमच्या बंदुकीचा जोर कमी केला खेळाच्या कंपनीनं. मोठ्या स्पर्धेत सारे चॅम्पियन तीच घेऊन जिंकून राह्यले होते नं."

"पण मी कुठे चॅम्पियन आहे?"

"म्हणून तं तुमाले लागलं. ते लोक दुसऱ्या दिवशी दुसरी बंदूक उचलतात. तुमच्यासारखे मात्र काच बदलाले येतात माह्याकडं."

"मग तू कोणती उचललीस?"

त्यानं आपला फोन पुढे केला. त्यातही माझीच बंदूक होती.

"हात बसला जी तिच्यावर," तो जरा ओशाळून म्हणाला. "गावाकडं भातकुलीले आमचे अब्बा, भाव पडला तरी दरसाल कपाशीच पेरतात. अन् इतके दिवस मी त्याईले हासत होतो."