चार वांगी

बाळांनो, आजोबा इतके बारीक कसे दिसतात, असं तुम्ही फोनवर विचारता. गुडघ्यांसाठी वजन उतरवायलाच हवं म्हणून डॉक्टरांनी त्यांना आठवड्याचं एक इंजेक्शन दिलं. चार महिने झाले. वजन उतरलं, जिना सोपा झाला आणि भूक कुठेशी निघून गेली. ताटावर बसतात, दोन घास खातात आणि खिडकीबाहेर बघत राहतात.

शनिवारच्या बाजाराला मी दोन पिशव्या नेते, एक कांदेबटाट्यांची, एक पालेभाजीची. पूर्वी दोन्ही भरून आणताना बोटांवर वळ उठायचे. आता दुसरी पिशवी पहिलीतच घडी होऊन पडून असते. डोंबिवलीच्या त्या गर्दीत हात इतके हलके असतात की वाटतं, मी चालत नाही, नुसती तरंगते आहे. कोथिंबिरीचा वास येतो, मेथी ओली चमकते आणि घ्यायचं कुणासाठी, हे क्षणभर आठवत नाही.

माझी भाजीवाली शीळफाट्याकडच्या गावातून येते. वीस वर्षांची ओळख. आजोबांचा भरल्या वांग्यांवर जीव, म्हणून छोटी वांगी ती न विचारता अर्धा किलो तोलायची. एका शनिवारी मी म्हटलं, चारच दे. तिनं ती तोललीच नाहीत, तशीच पिशवीत ठेवली. मग माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकी, काका हायत ना?"

मी हसले, इंजेक्शनचं सांगितलं. ती म्हणाली, एखाद्या बाईची भाजी अशी एकदम कमी झाली की घरातला माणूस गेला, हे आपल्याला न सांगता कळतं. घरी येईपर्यंत माझं हसू टिकलं नाही. रोज जेवताना मलाही तीच भीती वाटायची. हा माणूस ताटावरून थोडा थोडा उठून चाललाय.

पुढच्या शनिवारी मी त्यांनाच बरोबर नेलं. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, अर्धे घरी ठेवून आलात काय?"

किती दिवसांनी ते मोठ्यानं हसले. मग गुडघ्यांवर हात न टेकता खाली वाकले आणि पूर्वीसारखं एकेक वांगं देठाशी दाबून बघू लागले. तिनं सवयीनं तराजू ओढला.

"चारच," ते म्हणाले, "पण मी निवडेन ती."

बराच वेळ लागला. मी दोन्ही पिशव्या हातात घेऊन उभी होते. मला घाई नव्हती.